लस, शंका आणि विश्वास
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘साथीचे रोग आणि समाज’ या विषयावर मी बोलावे, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा मला संकोच वाटला. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेला एक अधिकारी आहे. परंतु लस प्रयोगशाळेत तयार होत असली, तरी ती घ्यावी की नाही याचा निर्णय घराघरांत होतो. आणि त्या निर्णयाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला असावा, असे मानून आपणासमोर उभा आहे.

लस घेण्यास कचरणाऱ्या माणसाला आपण अडाणी ठरवून मोकळे होतो. इतिहास पाहिला, तर प्रश्न इतका सोपा नाही, हे ध्यानी येते. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला आणि तिचा गुण दिसून आला. असे असूनही लोक बिचकत होते. का बरे?

त्याच वर्षी पुण्यात काय घडत होते, हे आठवावे. प्लेग-निवारणाच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरत होते, देवघर-माजघराचा विधिनिषेध उरला नव्हता, आणि रोग्यांना आप्तांपासून तोडून नेले जात होते. या जुलमाच्या संतापातूनच २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लस ऐच्छिक होती हे खरे. पण जो हात दार ठोठावून घरात घुसत होता, तोच हात सुई पुढे करीत आहे, असे लोकांना वाटले, तर त्यात नवल ते काय? लोकांच्या मनातील शंका सुईविषयी जितकी होती, त्याहून अधिक ती सुई धरणाऱ्या हाताविषयी होती.

ही शंका सक्तीने गेली नाही. ऐन विशीतील तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांचे भय दूर व्हावे म्हणून चारचौघांत स्वतःला टोचून घेतले. आपल्यापैकीच एक जण पुढे झाला, की मागच्यांना धीर येतो.

पण विश्वास मिळवावा लागतो, तसा तो जपावाही लागतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे असे दिसून आले, की गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. सत्य बाहेर पडण्यास पाच वर्षे लागावीत, ही गोष्ट एकट्या हाफकिनवरचाच अन्याय नव्हती. ज्यांना त्या काळात लस घ्यायची होती, त्यांच्यावरचाही तो अन्याय होता.

आपण ज्या उत्तर प्रदेशाला कर्मभूमी मानले, तेथेही हाच धडा मिळाला. २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक या एका राज्यातील होते. थेंबांनी मुले निर्बीज होतात, अशी वदंता पसरली होती. आणखीही एक सवाल विचारला जाई: “आमच्या वस्तीत पाणी नाही, गटार नाही, डॉक्टर नाही, मग सरकार हे दोन थेंब घेऊनच वारंवार दारी का येते?” हा सवाल अडाण्याचा नव्हे. वस्तीतील स्त्रिया, मौलवी आणि शिक्षक कामात सामील झाले, तशी बंद दारे हळूहळू उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातील अखेरचा ठरला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

कोविडचा काळ आपण सर्वांनीच सोसला. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवसांत आरोग्य-कर्मचाऱ्यांपैकीही काही जण मागे राहिले होते. त्या वेळी आमच्या घरी काम करणाऱ्या बाईंनी माझ्या पत्नीला विचारले, “बहूजी, सुईने ताप आला, तर दोन दिवसांचा पगार कोण देणार?” आम्ही त्यांची शंका अंधश्रद्धेत जमा करीत होतो, त्यांची अडचण रोजंदारीची होती. चारही घरांनी पगारी रजा कबूल केली आणि दुसऱ्याच दिवशी बाई केंद्रावर गेल्या. काही लसींनी क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हेही पुढे सिद्ध झाले. ते सांगावेच, आणि रोगाचा धोका त्याहून किती मोठा होता, हेही त्याच तोंडाने सांगावे. अर्धे लपविले, की उरलेल्या अर्ध्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

सरकारी कचेरीत वावरलेला माणूस म्हणून सांगतो, परिपत्रकाने आज्ञा पोहोचते, खात्री पोहोचत नाही. खात्री पोहोचविण्याचे काम ओळखीच्या माणसाचे असते. मुलखापासून दूर राहणाऱ्या, परभाषेत औषधाची चिठ्ठी वाचणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठी ती ओळखीची माणसे म्हणजे हे मंडळ होय. २०२१ साली मंडळाच्या तरुणांनी अनेक ज्येष्ठांची नावनोंदणी केली, काहींना स्वतः केंद्रावर नेले, हे आपण जाणताच.

आता सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना मांडतो. आपल्या सभासदांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. वर्षातून दोन रविवारी त्यांनी या सभागृहात बसावे आणि लसींविषयी ज्याला जे विचारायचे असेल, ते त्याने मराठीत निःसंकोच विचारावे. कोणत्याही प्रश्नाला हसू नये, आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. आपल्या घरी राबणाऱ्यांनाही तेथे बोलवावे. त्यांच्याशी हिंदीत बोलावे. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर ओळख करून घेण्यास मात्र सवड मिळत नाही.