वर्गांत पुढें गेलेलें मूल

चौथीच्या वर्गांत गुणाकाराचीं दहा उदाहरणें फळ्यावर लिहून शिक्षक मागें वळतात, तों भिंतीकडच्या रांगेंतला एक मुलगा वही मिटून बसलेला असतो. पांच मिनिटेंहि झालेलीं नसतात. उत्तरें सर्व बरोबर. आतां या मुलाचें काय करावयाचें? ज्यांनीं म्हणून वर्ग शिकविला आहे त्या प्रत्येकापुढें हा प्रश्न आलेला आहे, आणि बहुतेकांनीं तो तीनांपैकीं एका रीतीनें सोडविलेला आहे. कोणी त्यास आणखी दहा उदाहरणें घालतो. कोणी त्यास इतरांच्या वह्या तपासावयास लावतो. आणि कोणी म्हणतो, "झालं ना? मग हाताची घडी, तोंडावर बोट."

पहिल्या रीतीनें मुलगा आठवड्याभरांत शहाणा होतो. लवकर संपविण्याचें बक्षीस म्हणजे अधिक हमाली, हें त्याच्या ध्यानांत येतें, आणि तो सर्वांबरोबर रेंगाळूं लागतो. दुसरी रीत दिसावयास मोठी मानाची. दुसऱ्यास समजावून सांगतां सांगतां स्वतःस अधिक कळतें, हें खरें. पण वर्षभर "नऊ पांचें पंचेचाळीस"पुढें बरोबरच्या खुणा करीत राहणें म्हणजे शिकणें नव्हे, आणि सोबत्यांशीं वैर मात्र फुकट पदरीं पडतें. तिसरी रीत निदान प्रामाणिक आहे. या शाळेंत तुझ्यासाठीं आज कांहीं नाहीं, असें ती उघड सांगते.

यावर शिक्षकांचें उत्तर ठरलेलें आहे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यांतील पंधरांस अजून वजाबाकीचा हातचा उमगत नाहीं. शिक्षकाचें पहिलें कर्तव्य त्यांच्याकडे. हुशार मूल काय, आपलें आपण शिकेल. या उत्तरांतील पूर्वार्ध अगदीं खरा आहे. उत्तरार्ध तपासून पाहण्याजोगा आहे.

जर्मनींतील ब्राउनश्वाइग गांवीं १७८४ सालीं कार्ल फ्रीडरिख गाउस हा सात वर्षांचा मुलगा शाळेंत दाखल झाला. बाप बागकाम, गवंडीकाम अशीं कष्टाचीं कामें करणारा. शाळेची खोली ठेंगणी, जमीन खडबडीत, मुलें सुमारें शंभर, आणि ब्यूटनर नांवाचे मास्तर हातांत चाबूक घेऊन मुलांमधून फिरत. आपल्याकडील जुन्या तात्या पंतोजींस तेथें मुळींच परकें वाटलें नसतें! उदाहरण ज्याचें आधीं होईल त्यानें पाटी टेबलावर उपडी ठेवावी, पुढच्यानें तिच्यावर आपली ठेवावी, असा शिरस्ता होता. गणिताच्या वर्गांत येऊन थोडेच दिवस झाले असतील. मास्तरांनीं एका श्रेढीची बेरीज घातली. त्यांचें सांगणें संपतें न संपतें तोंच गाउसनें पाटी टेबलावर टाकली आणि आपल्या गांवठी बोलींत म्हटलें, "ही पडली." तास संपेपर्यंत इतर मुलें बेरजा करीत राहिलीं. शेवटीं पाट्या उलथल्या, तेव्हां तळच्या पाटीवर एकच संख्या होती, आणि ती बरोबर होती.

ती बेरीज १ पासून १०० पर्यंतची होती, असें आज सर्वत्र सांगतात. गाउसच्या मृत्यूनंतर १८५६ सालीं त्याचे स्नेही सार्टोरियस यांनीं जें चरित्र छापलें त्यांत हे आंकडे नाहींत; ते मागाहून चिकटले. पण युक्ति सांगण्यास ते सोयीचे आहेत. १ आणि १०० मिळून १०१, २ आणि ९९ मिळून १०१. अशा पन्नास जोड्या, म्हणून ५०५०.

गोष्ट सांगणारे येथेंच थांबतात आणि मुलाच्या अलौकिक बुद्धीचें कौतुक करतात. शिक्षकानें पहावयाचें तें यापुढें आहे. ब्यूटनर मास्तरांनीं त्या मुलाला दुसरी तसलीच बेरीज घातली नाहीं. त्यांनीं हांबुर्ग शहराहून अंकगणिताचें अधिक वरचें पुस्तक मागविलें. बापाला समजावलें, रोज संध्याकाळीं जवसाच्या वाखाचें ठराविक सूत कातण्याची जी सक्ति मुलावर होती ती त्यामुळें सुटली, असें चरित्रकार सांगतात. पुस्तक आणि तें वाचावयास दिवेलागणीची वेळ, या दोन गोष्टी चाबूकवाल्या मास्तरांनीं मिळवून दिल्या. तिसरी गोष्ट याहून मोठी होती. शाळेंत योहान बार्टेल्स नांवाचा एक मदतनीस होता. मुलांच्या पिसांच्या लेखण्या तासून द्याव्या, लहानांचा हात धरून अक्षर गिरवावें, एवढेंच त्याचें काम. तो गाउसहून केवळ आठ वर्षांनीं मोठा. हे दोघे एकत्र बसून पुस्तकें वाचूं लागले आणि अडलें तेथें वाद घालूं लागले. बार्टेल्सला सर्व येत होतें असें नाहीं. तोहि शिकतच होता. हाच बार्टेल्स पुढें रशियांतील काझान येथें गणिताचा प्राध्यापक झाला, आणि भूमितीला नवें वळण लावणारा लोबाचेव्स्की तेथें त्याच्या हाताखालीं शिकला. लेखण्या तासणाऱ्याचाहि तोटा झाला नाहीं! आणि हें सर्व त्या शंभर मुलांच्या शाळेंतच घडलें. गाउस वरच्या शाळेंत गेला तो १७८८ सालीं.

आतां दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें. कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलांत श्रीनिवास रामानुजन् शिकत होते. शाळेनें त्यांची उपेक्षा केली असें म्हणतां येणार नाहीं. १९०४ सालीं तिनें त्यांस गणिताचें पारितोषिक दिलें. शाळेच्या वेळापत्रकाची किचकट जुळवाजुळवहि गणिताच्या शिक्षकांनीं त्यांच्याकडे सोंपविली होती, असें चरित्रांत आढळतें. म्हणजे आरंभीं सांगितलेली दुसरी रीत! १९०३ च्या सुमारास कार नांवाच्या इंग्रज शिकवणीवाल्याचें एक जाडें पुस्तक त्यांच्या हातीं आलें. त्यांत हजारों सिद्धान्त ओळीनें मांडलेले होते, सिद्धता मात्र त्रोटक किंवा मुळींच नाहीं. रामानुजन् तें घेऊन एकटे बसले. पुस्तक मिळालें, बार्टेल्स मिळाला नाहीं. पुढें कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊन शिष्यवृत्ति गेली, मद्रासेस एफ्. ए.ची परीक्षाहि हातीं लागली नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं केंब्रिजच्या हार्डींस पत्र लिहिलें, तेव्हां त्यांच्या वह्यांत सिद्धता नसलेले निष्कर्ष पानोपानीं भरलेले होते. सिद्धता म्हणजे दुसऱ्यास पटवून देण्याची रीत. आणि पटवून घेणारा दुसरा कोणी जवळ नव्हता. हुशार मूल आपलें आपण शिकतें खरें, पण काय शिकावयाचें राहून जातें तें त्यास एकट्यास कळत नाहीं.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा विचार झालेला नाहीं असें नाहीं. पुण्यास १९६२ सालीं आप्पा पेंडसे यांनीं ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, आणि १९६९ पासून निवडक बुद्धिमान् मुलांसाठीं तिची स्वतंत्र प्रशाला आहे. नवोदय विद्यालयें पुढें १९८५-८६ पासून निघालीं. पहिल्या दोहोंतील एक अमरावती जिल्ह्यांत. परंतु अशा शाळांत जागा त्या किती! उरलेलीं सर्व मुलें गांवच्या शाळेंतच राहतात. त्यांच्या वांट्यास येते ती शिष्यवृत्तीची परीक्षा, आणि तिच्यासाठीं सकाळ-संध्याकाळ चालणारे जादा तास. त्यांत मुलें चपळ होतात, हें मान्य केलें पाहिजे. पण ठराविक मिनिटांत ठराविक प्रश्न उरकण्याची चपळाई आणि एकाच प्रश्नापाशीं दोन दिवस बसण्याची चिकाटी या दोन निराळ्या वस्तू आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें वर्गांतील विशेष बुद्धीचीं मुलें ओळखून त्यांस जादा साहित्य पुरवावें, असें शिक्षकांस सुचविलें आहे. सूचना चांगली. तें साहित्य कसलें, हा खरा प्रश्न.

तें महाग असावें लागत नाहीं. मूठभर चिंचोके घ्यावे. एक ठेवावा, त्याच्या भोंवतीं काटकोनांत तीन मांडावे, चौकोन झाला, चार. मग त्याच रीतीनें पांच, एकूण नऊ; मग सात, एकूण सोळा. विषम संख्या ओळीनें मिळवीत गेल्यास दर वेळीं चौरसच कां बनतो? अर्धा वर्ग चिंचोके मांडण्यांत रंगतो, आणि त्याला बेरजेचा सराव होतो. दहा-बाराजण पुढची संख्या न मांडतां सांगूं लागतात. आणि भिंतीकडचा तो मुलगा "कां"पाशीं अडतो. कदाचित् पहिल्यांदाच अडतो! त्याचा चेहरा त्या वेळीं पाहण्यासारखा असतो. काम एकच, वर्ग एकच. शिक्षकास दोन पाठ तयार करावे लागत नाहींत. भाषेच्या तासाचेंहि तेंच. मोरोपंतांची एक आर्या द्यावी आणि मात्रा मोजावयास सांगाव्यात. दोन्ही ओळींत तीस-तीस भरल्या पाहिजेत. एकोणतीस भरल्या तर चूक मोजण्यांत आहे की वाचण्यांत, तें शोधावें.

ज्या शाळेंत एकाच खोलींत तिसरी आणि चौथी बसतात, तेथें तर ही सोय आयतीच आहे. तिसरींतला मुलगा कान चौथीकडे लावून बसलेला असतो. त्यास "आपल्या पुस्तकांत बघ" म्हणून दटावण्याऐवजीं गणिताच्या तासापुरतें तिकडे सरकूं द्यावें. दोन इयत्ता एकदम चढविण्याचा मोह मात्र घाईनें धरूं नये. पालकांस त्याची हौस फार. पण गणितांत पांचवीचा असलेला मुलगा शुद्धलेखनांत आणि खेळाच्या मैदानावर बहुधा तिसरीचाच असतो.

मुलींचें आणखी निराळें आहे. मुलगा कंटाळला कीं खोड्या करतो, म्हणून निदान दिसतो. मुलगी कंटाळली कीं अक्षर अधिक वळणदार काढते, समास आंखते, आणि "गुणाची मुलगी" म्हणून तिच्यावर शेरा पडतो. तिनें विचारावयाचा प्रश्न तिच्यापाशींच राहतो. घरीं गेल्यावर सूत कातावयाचें नसलें तरी धाकट्या भावास सांभाळावयाचें असतें, पाणी भरावयाचें असतें. ब्यूटनर मास्तरांनीं बापाची गांठ घेतली, तशी येथें आईची घ्यावी लागते.

बार्टेल्स कोठून आणावा? प्रत्येक शाळेंत मदतनीस नसतो. परंतु वरच्या वर्गांत एखादा गणिताचा नादी मुलगा असतो, गांवांत एखादा पेन्शनीत निघालेला ओव्हरसियर असतो, ग्रंथालय उघडणारी कोणी बाई असते. आठवड्यांतून एक तास, शाळेच्याच ओट्यावर, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर त्यांनीं मुलाबरोबर बसावें. उत्तर सांगणारा माणूस नको आहे, "हें तुला कशावरून कळलें?" असें विचारणारा पाहिजे आहे.

आणखी एक गोष्ट जूनमधली. वर्षभर एका शिक्षकानें मुलास पुढें नेलेलें असतें. वर्ग बदलतो, कधीं शिक्षकांची बदली होते, आणि नवे शिक्षक सर्वांबरोबर त्यासहि पहिल्या पानापासून आरंभ करावयास लावतात. त्यांचा दोष नाहीं. त्यांस कोणी सांगितलेलेंच नसतें. निकालपत्रकांत त्यासाठीं रकाना नाहीं. वर्ग सोडतांना जुन्या शिक्षकांनीं एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून ठेवाव्या: मूल कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे, कोणत्या प्रश्नापाशीं अडलें आहे, आणि त्याच्याबरोबर कोण बसत असे.