सेंट अँड्र्यूजची अठरा होल

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर पूर्वी २२ होलची फेरी असे. १७६४मध्ये ती १८वर आली आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

पहिल्याच होलला ग्रीनच्या तोंडाशी स्विल्कनचा ओढा आडवा येतो. पुढे जाता-येतानाची चौदा होल सात विस्तीर्ण ग्रीनवर जोडीनं नांदतात, आणि जोडीची बेरीज नेहमी अठरा: दुसरं सोळाव्याबरोबर, पाचवं तेराव्याबरोबर. किती देखणी रचना!

अकरावं होल छोटं, पण कठीण. १९२१मध्ये तरुण गोल्फपटू बॉबी जोन्स इथल्या वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि वैतागून त्यानं स्पर्धाच सोडली. मात्र १९२७मध्ये त्यानं याच मैदानावर ओपन स्पर्धा जिंकली. १९५८मध्ये गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

सतराव्याला पहिला फटका हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून, अंदाजानंच मारायचा. अरुंद ग्रीनपुढे खोल खड्डा, मागे चक्क डांबरी रस्ता. मग अठरावं: ओढ्यावरचा चिमुकला दगडी पूल ओलांडून गावाकडे परतायचं.

रविवारी एरवी इथं खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी या हिरवळीवर निवांत फिरायला येतात.