उशी आपल्या मानेच्या मापाची

मैत्रिणींनो, आज एक साधाच प्रश्न विचारते. रात्री झोपताना तुम्ही डोक्याखाली काय घेता?

घरातली बरी उशी सासऱ्यांना, दुसरी मुलांना, पाहुणा आला तर तिसरी त्याला. आपल्या वाट्याला येते जुन्या लुगड्याची घडी, नाहीतर गाठी झालेली उशी. दिवसभर डोक्यावर हंडा, गवताचा भारा, शेतात वाकून खुरपणी आणि रात्रीही मानेला विसावा नाही.

माझंही असंच होतं. सकाळी उठले की मान आखडलेली असायची. माझा भाचा उत्तराखंडात नोकरीला आहे. एकदा येताना त्याने कुट्टूच्या टरफलांची पिशवी आणली. कुट्टूचं पीठ उत्तरेकडे उपवासाला खातात, आपण वरई-राजगिरा खातो तसं. नाव धान्याचं असलं तरी हे गवताच्या जातीचं पीक नाही, ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं. दाणा तीनधारी. त्याचं टरफल कडक आणि आतून पोकळ असतं. जपानात अशा टरफलांच्या उशा पूर्वापार वापरतात.

मी मांजरपाटाची खोळ शिवली, एका बाजूला चेन लावली आणि पाऊण भागच टरफलं भरली. गच्च भरायची नाही. डोकं टेकलं की टरफलं सरकतात आणि मानेखालची पोकळी भरून काढतात. कापसासारखी दबून बसत नाहीत. मधून हवा खेळते, म्हणून उन्हाळ्यात डोकं तापत नाही.

आता माप कसं घ्यायचं ते ऐका. कुशीवर झोपा आणि लेकीला किंवा जावेला मागून बघायला सांगा. मान पाठीच्या रेषेत सरळ हवी. डोकं वर उचललं गेलं, तर मूठभर टरफलं काढा. खाली झुकलं, तर मूठभर घाला. उताणं झोपणारीला उशी याहून कमी उंचीची लागते. या उशीचा मोठा फायदा हाच की आपलं माप आपल्याला करता येतं.

महिनाभरात माझं सकाळचं आखडणं बरंच कमी झालं. हंडा उचलल्यावर मान दुखते ती मात्र अजून दुखते. उशी म्हणजे औषध नव्हे. हाताला मुंग्या येत असतील, हातातली ताकद कमी झाली असेल, पडल्यावर मान दुखत असेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर डॉक्टरांकडेच जा.

या उशीच्या अडचणीही सांगते. ती जड असते. कूस बदलली की सळसळ होते, आठवडाभरात सवय होते. टरफलं धुवायची नाहीत. खोळ धुवायची, टरफलं चाळून कपड्यावर उन्हात वाळवायची. पावसाळ्यात दमट राहिली तर बुरशी धरते. काहींना कुट्टूची ॲलर्जी असते. दम्याच्या माणसाला ही उशी देऊ नका. आणि तान्ह्या बाळाला तर मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी लागत नाही, मोहरीचीसुद्धा.

आमच्या गटातल्या एकीने विचारलं, "ताई, आपलं भाताचं तूस भरलं तर?" तूस खरखरीत असतं, टोचतं आणि त्याची धूळ फार. मी तरी सांगणार नाही.

कुट्टूची टरफलं आपल्याकडे सहज मिळत नाहीत हे खरं. पण म्हणून थांबू नका. जुनी कापसाची उशी उसवा, कापूस पिंजून घ्या, उन्हात घाला आणि वर सांगितलेल्या मापाने परत भरा. कापूस जास्त वाटला तर काढून ठेवा. खर्च फार नाही, एक दुपार जाते.

घरातल्या प्रत्येकाच्या उशीची काळजी आपण घेतो. या आठवड्यात एक उशी स्वतःच्या मापाची करा. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, "काय गं, झोप लागली का?"