तुमची टीम जिंकली

(कल्याणमध्ये तरुणांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला करिअरवर बोलायला सांगितलं होतं. कोणता कोर्स करावा, एआयमुळे नोकऱ्या जातील का, वगैरे. ते सगळं नंतर चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे. आत्ता मला फुटबॉलबद्दल बोलायचंय. गेल्या नोव्हेंबरपासून एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसली आहे.

१८ नोव्हेंबर २०२५. ढाक्यात भारत विरुद्ध बांगलादेश. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल केला आणि शेवटपर्यंत तेवढाच फरक राहिला, १-०. २००३ नंतर पहिल्यांदाच बांगलादेशने आपल्याला हरवलं. खरं तर दोन्ही संघ आशिया कपच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडले होते. तरी मी चडफडत टीव्ही बंद केला, जेवलोही नाही नीट. दुसऱ्या दिवशी ठाण्याला ऑफिसात पोचलो तर एक सहकारी हसत म्हणाला, "अभिनंदन, तुमची टीम जिंकली!"

माणूस वाईट नाही. माझ्या शेजारी बसतो, ईदला डबा मागून खातो. मीही हसलो आणि कॉफी भरायला निघून गेलो. तुम्हाला सांगतो, मला राग त्याच्यापेक्षा त्या माझ्या हसण्याचा आला.

कारण त्या रात्री जी टीम हरली ना, तिचा प्रशिक्षक होता खालिद जमील. मुंबईचा माणूस, मुसलमान. आणि जिंकलेल्या टीममधला सगळ्यात नावाजलेला खेळाडू हमझा चौधरी जन्मला इंग्लंडमध्ये, लाफबरो नावाच्या गावात. आई बांगलादेशी, आजोळ सिल्हेटकडचं हबीगंज. लेस्टर सिटीकडून २०२१ मध्ये त्याने एफए कप जिंकला. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडूनही खेळला. मैदानात उतरण्याआधी आईने शिकवलेल्या दुआ आणि आयतुल कुर्सी म्हणतो, हे त्याने मुलाखतीत सांगितलंय. मग मोठेपणी त्याने ठरवलं की आईच्या देशाकडून खेळायचं. पहिला सामना कुठे खेळला? आपल्याच शिलाँगमध्ये, २५ मार्च २०२५ ला, भारताविरुद्ध. तो ०-० सुटला.

म्हणजे 'बांगलादेशी' हा शब्द एका मुलाने इतक्या लांबून येऊन, आपण होऊन निवडला. आपल्याकडे हाच शब्द कसा वापरतात ते मुंब्र्याच्या आणि भिवंडीच्या पोरांना मी सांगायची गरज नाही. लोकलमध्ये सीटवरून भांडण झालं की तिसऱ्या वाक्याला तो येतो. बंगाली बोलणारा गवंडी दिसला की येतो. दुसऱ्याच्या देशाचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो, आणि आपल्यातलेही काही जण वापरतात, ते बंगाली मजुरांसाठी. हेही आज इथे बोललं पाहिजे.

आता खालिदभाईंकडे येतो. तुमच्यातल्या किती जणांचे अब्बा किंवा चाचा आखातात होते? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. खालिदभाईंचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील मूळचे पंजाबी. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला आणि आपली लाखो माणसं रस्त्यावर आली. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून फेऱ्या मारून दीड लाखाहून जास्त लोक परत आणले. आपल्या कोकणी घरांत त्या दिवसांच्या गोष्टी अजून सांगतात, सोबत काय आणलं आणि काय तिथेच राहिलं. खालिदभाईंचं कुटुंबही त्या युद्धाच्या काळातच भारतात आलं. शाळकरी वयात घर, मित्र, मैदान सगळं बदललं. पुढे महिंद्र युनायटेड, मग चार हंगाम एअर इंडियाचा संघ, मग पुन्हा महिंद्र. मधल्या फळीत खेळायचे. भारताकडूनही खेळले.

त्या काळात फुटबॉलमधला पैसा आणि नाव म्हणजे कोलकाता. ईस्ट बंगाल, मोहन बागान. दोन्हीकडून बोलावणं आलं आणि यांनी नाही म्हटलं. कारण दोन्ही क्लबांच्या जर्सीवर दारूच्या कंपनीचं नाव होतं. बस, एवढंच. ते त्यांनी छातीवर घालायला नकार दिला.

थांबा, टाळ्या नकोत. मला यातली दुसरी बाजू जास्त आवडते. सय्यद रहीम नबीसारखे किती तरी मुसलमान खेळाडू त्याच क्लबांकडून खेळले आणि भारताकडूनही चमकले. खालिदभाईंनी त्यांना शिकवायला जाऊन कधी तमाशा केला नाही. आपल्याकडे उलटं चालतं. स्वतःचं काही सोडायचं नाही आणि दुसऱ्याच्या ताटातलं हलाल-हराम मोजत बसायचं. मला स्वतःला एकदा सट्ट्याच्या ॲपचं काम देऊ केलं होतं, पगार जवळपास दुप्पट. मी नाही म्हटलं, पण त्याआधी तीन आठवडे विचार करत होतो. म्हणून मला त्या नकाराची किंमत थोडीफार कळते.

पुढे दुखापतींनी पाय ओढला. २००७ मध्ये मुंबई एफसीत गेले, पण खेळता आलंच नाही. २००९ मध्ये बूट काढले आणि बत्तिशीत त्याच क्लबाचे प्रशिक्षक झाले. कॉलेजात असताना मी तो संघ बघायला जायचो. कूपरेजचं काम निघालं तेव्हा त्यांना घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. पैसा कमी, प्रेक्षक त्याहून कमी. दरवर्षी वाटायचं यंदा खालच्या श्रेणीत जाणार, आणि दरवर्षी हा माणूस शेवटी शेवटी संघाला वर ओढून काढायचा. खेळ बघायला सुंदर होता असं मी म्हणणार नाही. बचाव भक्कम करा, चेंडू लांब मारा, एक गुण घ्या. आम्ही वरून ओरडून शिव्या द्यायचो. पण सात वर्षांत संघ एकदाही खाली गेला नाही.

२०१६ मध्ये क्लबाने त्यांना काढलं. ते गेले मिझोरामला, ऐझॉल एफसीत. हा संघ आधीच्या हंगामात खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत घेतलं होतं. तिथली भाषा वेगळी, जेवण वेगळं, जवळपास सगळं गाव ख्रिश्चन, आणि त्यात हा पाच वेळचा नमाजी. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँग लाजोंगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल आय-लीगचं विजेतं ठरलं. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची लीग जिंकायची ही पहिलीच वेळ. त्याच हंगामात त्यांच्याशिवाय खेळणारी मुंबई एफसी तळाला गेली, खालच्या श्रेणीत ढकलली गेली, आणि पुढे तो क्लबच बंद झाला.

नंतर ते ईस्ट बंगालचे आणि मोहन बागानचेही प्रशिक्षक झाले. नॉर्थईस्ट युनायटेडने २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर संघ त्यांच्या हाती दिला, तेव्हा आयएसएलच्या प्लेऑफपर्यंत नेणारे ते पहिले भारतीय ठरले. तोवर तिथे परदेशी गोऱ्याशिवाय पान हलत नव्हतं. मग जमशेदपूर. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक. २०१२ नंतर त्या जागेवर पहिला भारतीय माणूस बसला. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, महिनाभरात ओमानला पेनल्टीवर. आणि मग घसरण. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हार, आशिया कप गेला, आणि त्यानंतर ढाका.

ढाक्यानंतर त्यांच्यावर टीका झाली, मीही केली. मधल्या फळीत त्या दिवशी काहीच घडत नव्हतं. प्रशिक्षक हरला की त्याच्या डावपेचांना शिव्या पडतात, ते ठीकच आहे. मला तेवढंच हवंय, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. हरलो तर खेळाबद्दल बोला. २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला लोकांनी काय काय ऐकवलं ते तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री त्याच्या गोलंदाजीवर कुणी बोलत नव्हतं.

तर, माझा तो सहकारी. दोन आठवड्यांनी आम्ही संध्याकाळी एकाच लोकलने निघालो. ठाण्याला दोघांनाही दारातच जागा मिळाली. मी म्हटलं, "त्या दिवशी आमची टीम हरली होती रे. तुझी आणि माझी." तो गप्प झाला. मग विचारलं, "प्रशिक्षक कोण आहे आपला?" मी कुवेतपासून सुरुवात केली. दिवा येईपर्यंत कोलकात्याच्या जर्सीपाशी पोचलो होतो. डोंबिवलीला गर्दीने त्याला खाली ढकललं, तेव्हा ऐझॉलची गोष्ट अर्धीच झाली होती. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवरून ओरडून विचारत होता, "अरे, पण मग मुंबईने काढलं कशाला त्याला?"