पाच ग्रॅमचा मोह



नेमबाजी शिकवणाऱ्या माणसाला लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात. पिस्तूल केवढ्याला पडतं, आणि गोळी किती लांब जाते? मागे एका पालकांनी मात्र वेगळाच प्रश्न केला. मुलगी दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव करत होती. आता तिच्या हाताच्या मापाचं, स्पर्धेचं पिस्तूल मागवायचं ठरलं होतं. ते म्हणाले, "सर, ट्रिगर जितका हलका तितका चांगला, नाही का?" मी नाही म्हणालो. ते मी इतक्या ठामपणे का म्हणालो, ते आज सांगणार आहे. त्यात माझी एक चूकही सांगावी लागेल.

ट्रिगर म्हणजे चाप. तो दाबायला किती जोर लागतो, हे आम्ही ग्रॅममध्ये मोजतो. दहा मीटर एअर पिस्तुलात हा भार किमान ५०० ग्रॅम असलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पंचवीस मीटरच्या पिस्तुलांना किमान १००० ग्रॅम. राही सरनोबत या आपल्या कोल्हापूरच्या मुलीनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते या एक किलोच्या चापावर. पन्नास मीटर फ्री पिस्तुलाला मात्र असं बंधनच नव्हतं. तिथे चाप इतका हलका ठेवत, की बोटाचा नुसता स्पर्श पुरे. तो प्रकार २०१६च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला.

आता अर्धा किलो म्हणजे काय फार मोठं वजन नाही, असं तुम्ही म्हणाल. पण एअर पिस्तूलच मुळी किलोभराच्या आसपास असतं. म्हणजे पिस्तुलाच्या निम्म्या वजनाएवढा जोर तुम्ही एका बोटानं लावता, आणि तेही हात लांब करून, कसलाही आधार न घेता. रायफल पिस्तुलापेक्षा कितीतरी जड, शिवाय तिच्या चापाला किमान भाराची अट नाही. म्हणून रायफलवरून पिस्तुलाकडे आलेली मुलं पहिला महिनाभर हैराण होतात.

पिस्तुलाची पुढची साइट आणि मागची खाच यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा. चाप दाबताना पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर भरकटतो. दहा गुणांचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे दहाच्या जागी सात! आणि साइट सरकते ती बहुधा बोटामुळेच.

मग चाप हलकाच बरा, असं कोणीही म्हणेल. पण सामन्याच्या दिवशी छाती धडधडत असते, बोटाला घाम असतो. चाप फार हलका असेल, तर मन हो म्हणायच्या आत गोळी सुटते. तसं दोन-तीनदा झालं, की नेमबाज चापाला भिऊ लागतो. बोट जवळ न्यायलाच कचरतो. आणि भिऊन दाबलेला चाप हा जड चापापेक्षा वाईट.

इथे दोन टप्प्यांचा चाप कामाला येतो. स्कूटरचा क्लच आठवा. आधी थोडा ढिला जातो आणि मग एका जागी धरतो. चापाचंही तसंच. पहिल्या टप्प्यात तो सैल मागे येतो, मग बोटाला भिंत लागल्यासारखी जाणीव होते, आणि त्यापुढे थोडाच जोर दिला की छर्रा सुटतो. एकूण ५०० ग्रॅम तेच, पण त्यांची वाटणी आपल्या हातात असते. पहिल्या टप्प्याला साडेतीनशे आणि दुसऱ्याला दीडशे, ही सुरुवातीला बरी वाटणी. भिंत स्पष्ट लागते आणि बोटाला धीर येतो. हात पक्का झाला, की दुसरा टप्पा हळूहळू कमी करता येतो. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जलद टप्प्यात निशाण तीनच सेकंद समोर असतं. तिथे हात वर येता येताच पहिला टप्पा संपवावा लागतो, म्हणून तो भरभक्कम लागतो.

पण हे सगळं नंतरचं. आधी मूठ. अक्रोडाच्या लाकडाची मूठ हाताला बसली पाहिजे. ती मोठी असेल तर बोट चापाला सरळ मागे ओढत नाही, बाजूला ढकलतं. मग चाप मागेपुढे सरकवून बोटाचं पहिलं पेर त्यावर नीट टेकेल असा लावायचा. त्यानंतर भार. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, वहीत लिहायचं, आणि निदान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. या काळात सराव कोरा करायचा, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. निशाण समोर नसलं, की साइट हलते ती लगेच दिसते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी मोठ्या सामन्याची तयारी करत होती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "सर, चाप जरा जड वाटतोय." तो होता ५३० ग्रॅमला. मी स्क्रू फिरवून ५०५वर आणला. काटा लावून तीनदा मोजला. वर पाच ग्रॅमची सूट ठेवली, म्हणून स्वतःवर खूषही झालो.

दुसऱ्या दिवशी ती आयुष्यात खेळली नव्हती एवढं छान खेळली. फेरी संपल्यावर तपासणीसाठी चिठ्ठीत तिचं नाव निघालं. तपासणी सोपी असते. नळी उभी आकाशाकडे धरायची, चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, चाप सुटता कामा नये. संधी तीन. तिचा चाप तीनही वेळा सुटला. साठ गोळ्यांचे गुण पुसले गेले.

चूक काय होती, ते मला रात्री उमगलं. मी काटा लावला होता चापाच्या वरच्या अंगाला, जिथे तो फिरतो त्या खिळ्याजवळ. पंचांनी वजन अडकवलं मधोमध, नियमाप्रमाणे. दाराची कडी आपण बिजागरीजवळ का लावत नाही? बिजागरीपासून जितकं लांब, तितका जोर कमी लागतो. माझे ५०५ त्यांच्या जागी पाचशेच्या आतच भरत होते. पंचांचं काहीच चुकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, तेवढ्या ग्रॅमांनी माझे गुण खरंच वाढले असते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. नसते वाढले. पाचशे पाच आणि पाचशे तीस यांतला फरक आदल्या दिवशीच्या धास्तावलेल्या मनाला जाणवतो, सरावलेल्या बोटाला नाही. त्या संध्याकाळी तिला हलका चाप नको होता, धीर हवा होता. तो द्यायचा सोडून मी स्क्रू फिरवला.

आता माझ्या मुलांचे चाप ५२० ते ५४० ग्रॅमच्या दरम्यान असतात. स्वतःचं चाचणीचं वजन घेऊन, चापाच्या मधोमध अडकवून, प्रत्येक मूल आपलं आपण तपासतं. आणि सामन्याआधी आठ दिवस स्क्रूला हात लावायचा नाही, मलाही नाही. ही अट त्या मुलीनंच घातली. ती अजून खेळते, आणि नवीन मुलांना वजन कसं अडकवायचं, ते तीच शिकवते.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, की पिस्तूल तुम्ही जरूर मागवा. ट्रिगर किती ग्रॅमचा, ते तिचं बोट सहा महिन्यांनी सांगेल. तोवर थोडा जडच राहू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)