बंद झालं म्हणजे बरं झालं नव्हे

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला आज 'आयटीतली वीस वर्षं' या विषयावर बोलायचं होतं. पण सकाळपासून निदान दहाजणांनी विचारलं, "अप्पा कसे आहेत?" त्याचं नीट उत्तर जरा लांब आहे. ते सगळ्यांना एकदमच देते.

शाळेच्या फाटकासमोरचं अप्पांचं सायकलचं दुकान तुम्हाला आठवत असेल. हवा फुकट, आणि पंक्चरचे पैसे "उद्या दे". तो उद्या तुमच्यापैकी कित्येकांचा अजून उगवलेला नाही, हे अप्पांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय.

पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "लघवी लाल झाली होती गं दोन दिवस. दुखलं वगैरे काही नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी घेतलं. आता बंद झालं." माझं त्या रात्री महत्त्वाचं काम होतं. मी म्हणाले, "बंद झालं ना? मग भरपूर पाणी प्या." आणि फोन ठेवला.

आमच्या कामात एखादी चूक एकदा दिसते आणि परत दिसत नाही. नवीन मुलं "आता येत नाही" असं लिहून तक्रार बंद करतात. मी त्यांना रागावते. ती गेलेली नाही, लपलेली आहे. कारण सापडेपर्यंत बंद करायची नाही. हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. वडिलांची तक्रार मात्र मी एका वाक्यात बंद केली.

जुलैमध्ये पुन्हा रक्त गेलं, या वेळी गाठींसकट. दोन्ही पाय सुजले. सोनोग्राफीत उजव्या किडनीत मोठी गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये त्याहून वाईट दिसलं. गाठ किडनीच्या शिरेतून बाहेर पडून पोटातल्या मोठ्या शिरेत शिरली होती आणि यकृताच्या मागपर्यंत वर चढली होती.

आपल्या शास्त्राच्या बाई फळ्यावर लाल खडूने धमन्या आणि निळ्या खडूने शिरा काढायच्या. 'अधो महाशिरा' हा शब्द आपण मार्कांसाठी पाठ केला होता. सर्जननी कागदाच्या पाठीमागे तेच चित्र काढलं, तेव्हा बाई, मला तुमचा फळा दिसला. उजव्या किडनीची शिरा आखूड असते, जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्यामुळे त्या बाजूची गाठ महाशिरेत लवकर पोचते. किडनीच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण चार ते दहा जणांमध्ये तो असा महाशिरेत वाढतो.

धोके दोन. शीर तुंबते, म्हणून पाय सुजतात. आणि त्या वाढीचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकतो. माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. या कॅन्सरवर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही. त्यामुळे कापून काढणं हाच मुख्य मार्ग होता.

मी इंजिनिअरच्या सवयीने टक्केवारी विचारली. सर्जन म्हणाले, "टेबलावर जीव जाण्याचा धोका आहे. पण काहीच न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे." अप्पा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, चाक फिरत असताना पंक्चर काढायचं!" सर्जन हसले. "चाक थोडा वेळ थांबवणार, अप्पा. वरून आणि खालून चिमटे लावून."

आणि खरंच तसंच केलं. आधी किडनीची धमनी बांधली. यकृत सोडवून बाजूला घेतलं. महाशीर गाठीच्या वर आणि खाली आवळली, डाव्या किडनीची शीरही आवळली. मग महाशिरेला चीर देऊन आतली वाढ किडनीसकट बाहेर काढली आणि शीर बारीक दोऱ्याने शिवली. तुकडा सुटून हृदयाकडे जात नाही ना, हे अन्ननलिकेत घातलेल्या सोनोग्राफीच्या नळीतून भूलतज्ज्ञ सतत पाहत होते. वाढ हृदयापर्यंत पोचली असती, तर शरीर गार करून रक्ताभिसरणच थांबवायची वेळ आली असती. ती आली नाही, तरी हृदय-फुप्फुसाचं यंत्र खोलीत तयार ठेवलं होतं.

मी आठ तास बाहेर बाकावर होते. फोनवर वाचत बसले. माणूस एका किडनीवर जगू शकतो या भरवशावर जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमोन यांनी २ ऑगस्ट १८६९ रोजी ठरवून किडनी काढली. त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी खात्री करून घेतली होती. त्यांची रुग्ण जगली. त्या दिवशी मला तेवढाच आधार होता.

चौथ्या दिवशी अप्पांना एकदम धाप लागली. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात रक्ताची लहान गुठळी सापडली. रक्त पातळ करण्याच्या औषधांनी तेही निभावलं. अठराव्या दिवशी ते घरी आले.

तर, अप्पा कसे आहेत? पूर्ण बरे झाले, असं मी सांगणार नाही. गेल्या वर्षी फुप्फुसात दोन लहान ठिपके दिसले. आता त्यांना शिरेतून इम्युनोथेरपीचं औषध देतात. ते दुपारी झोपतात, बिडीच्या नावाने स्वतःला शिव्या देतात आणि नातवाच्या सायकलची चेन साफ करतात. एप्रिलमध्ये गेलो असतो, तर गाठ शिरेत शिरलेली नसती का? सर्जन म्हणाले, "तसं कोणी सांगू शकत नाही." ते खरं असेल. पण ते तीन महिने माझ्या हिशेबातून जात नाहीत.

म्हणून एक विनंती. आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत, आपले आईवडील सत्तरीच्या पुढे. लघवीतून एकदाही रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी डॉक्टरकडे जा. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करा. बहुतेक वेळा खडा किंवा संसर्ग निघेल. निघू दे. आणि घरी फोन केलात की "सगळं ठीक ना?" एवढंच विचारू नका. "ठीक" म्हणण्याची त्यांना सवय आहे. नेमकं विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत फोन ठेवू नका.

अप्पांचा निरोप आहे की दुकान विकलं, पण पंप घरी आहे. ज्याला हवा भरायची असेल त्याने यावं. जुनी उधारी आणली तर चहाही मिळेल.