शस्त्रक्रियेपूर्वीचा घास

जठराच्या कर्करोगाची क्रूरता अशी की, देहाचे पोषण ज्या द्वारातून व्हावयाचे, त्या द्वारातच तो ठाण मांडून बसतो. भूक मंदावते, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, कित्येकदा जठराचा आतड्याकडे जाणारा मार्गच गाठीने अडतो आणि खाल्लेले उलटून पडते. निदान होईपर्यंत रोगी पुष्कळदा वाळून गेलेला असतो. अशा क्षीण देहावर मोठी शस्त्रक्रिया करावी तरी कशी, हा शल्यवैद्यांपुढील जुनाच पेच आहे.

२९ जानेवारी १८८१ या दिवशी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ याने एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर लहान आतड्याला यशस्वीपणे जोडले. ती त्या शस्त्रक्रियेतून वाचली. परंतु रोग पुन्हा उद्भवून सुमारे चार महिन्यांनी तिचा अंत झाला. जठराचा भाग कापता येतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण केवळ कापल्याने रोग संपतोच असे नाही, हेही चार महिन्यांत कळून चुकले.

शस्त्राच्या साहाय्याला औषध आणावयाचे, तर ते केव्हा? डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगबीजांवर आधीच घाला घालावा, गाठ लहान करावी आणि मग शस्त्र उचलावे, हा विचार पुढे रुजला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वे ब्रिटनमधील एका अभ्यासात ५०३ रोगी होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा २३ पाच वर्षे जगले; शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रसायनोपचार, म्हणजे केमोथेरपी, मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३६ होते. २०१९ मध्ये जर्मनीतील अभ्यासाने चार औषधांची अधिक प्रभावी योजना पुढे आणली. तीत शस्त्रक्रियेपूर्वी दर पंधरवड्यास एक अशा चार मात्रा देतात. परंतु या दोन्ही अभ्यासांत ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या करू शकणारे रोगी निम्म्याहून कमी होते. औषध उपलब्ध असूनही ते पेलण्याचे बळ देहात उरत नाही, अशी वेळ अनेकांवर येते. अन्नाचा प्रश्न येथेच उभा राहतो.

१९३६ मध्ये अमेरिकेतील शल्यवैद्य स्टडली याने जठरव्रणाच्या रोग्यांची वजने तपासली. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी पाचव्या हिश्शाहून अधिक घटले होते, त्यांच्यातील तिघांमागे एक दगावला. इतरांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. वजनाचा काटा हेही रोगपरीक्षेचे साधन आहे, असा त्याचा अर्थ.

म्हणून सर्वांनाच शिरेतून पोषण द्यावे काय? १९९१ मधील एका अमेरिकन अभ्यासात ३९५ रोग्यांची पाहणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या अशा पोषणाचा लाभ अत्यंत कृश रोग्यांनाच झाला. इतरांत मात्र जंतुसंसर्ग वाढला. तेव्हा जोपर्यंत आतडे काम करते, तोपर्यंत अन्न आतड्यातूनच द्यावे; तोंडाने जमत नसेल, तर अडथळ्यापलीकडे नळी सरकवून द्यावे; शिरेचा मार्ग शेवटचा, असा आज क्रम आहे. सहा महिन्यांत ज्याचे वजन शेकडा दहा-पंधराहून अधिक उतरले, त्याला शस्त्रक्रिया पुढे ढकलूनही एक ते दोन आठवडे पोषण द्यावे, असा युरोपातील आहारतज्ज्ञांचा निर्देश आहे.

किती अन्न हवे? दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० उष्मांक आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने. पन्नास किलोच्या रोग्यास सुमारे १२५० ते १५०० उष्मांक आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्याकडे आजाऱ्याला प्रेमाने दिली जाते ती पातळ पेज, भाताची निवळ किंवा साबुदाण्याची खीर. त्यांत पाणी व पिष्ट पुष्कळ, प्रथिने अगदी थोडी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे आठ ग्रॅम प्रथिने असतात. दही, मऊ शिजवलेली डाळ, पनीर, मासे हे पदार्थ दोन-दोन तासांनी थोडे थोडे दिले, तर तेच जठर ते स्वीकारते. उपवासाने गाठ उपाशी मरते, हा समज घातक आहे. आधी झिजतो तो रोग्याचा स्नायू.

घाईही तितकीच वाईट. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट कोसळून जीव धोक्यात येतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने, वैद्याच्या देखरेखीखाली वाढवावी लागते.

अन्न कर्करोग बरा करीत नाही. परंतु औषध सोसण्याची आणि जखम भरून येण्याची शक्ती त्यातून येते. शस्त्रक्रियेपूर्वीचे ते दोन महिने म्हणजे नुसते वाट पाहणे नव्हे. तो तयारीचा काळ आहे. दर आठवड्याचे वजन वहीत टिपणारा आणि ते घटताच वैद्यास कळवणारा घरातील माणूस त्या उपचाराचा खरा भागीदार होय.